फुळकवणी बिअर आणि आमची कणी

पाणचट वरणाला आपल्या भाषेत एक झकास शब्द आहे, फुळकवणी. डाळ तळाला बसलेली आणि डावात येतं ते नुसतं पिवळं पाणी. लग्नाच्या शेवटच्या पंगतीला बसणाऱ्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही! हल्ली हा शब्द आमच्या घरात वरणासाठी कमी आणि बिअरसाठी जास्त वापरला जातोय. नातेवाईक मंडळींनी दचकू नये, सांगतो.

माझा भाचा, ताईचा मोठा मुलगा, ओहायोत असतो. त्याला गेल्या दोन-तीन वर्षांपासून घरी बिअर करायचा नाद लागलाय. तिकडे ते कायदेशीर आहे. १९७८ साली जिमी कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली आणि तेव्हापासून दोन प्रौढांच्या घरात वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर बिअर स्वतःपुरती करता येते. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय बिअर करणं हा गुन्हा आहे. त्यामुळे इथल्या कोणी पुढचं वाचून स्वयंपाकघरात गंज चढवू नये. वाचायला हरकत नाही, करायला आहे.

तर भाच्याची तक्रार अशी, की बिअर होते चांगली, वासही छान, पण तोंडात घेतली की काहीच नाही. पाणी प्यायल्यासारखं. इंग्रजीत ते याला 'बॉडी नाही' म्हणतात. मराठीत याला शब्दच नाही असं त्याचं म्हणणं. का नाही? 'अंग' आहे की. 'भाजीला अंगाबरोबर रस ठेव' असं आपल्या सगळ्यांच्या आया सांगत आल्या. त्या रसाला अंग असतं, फुळकवणीला नसतं. बिअरचंही तेच.

इथपर्यंत आमचं एकमत होतं. पण पुढे त्याने निष्कर्ष काढला, की दोष तांदळाचा. त्याच्या मित्रांनीही तेच सांगितलं, तांदूळ घातला की बिअर पातळ होणारच, तांदूळ ही भेसळच, जर्मन लोक बघ... वगैरे. (बव्हेरियातला १५१६ चा नियम बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच धरतो, हे खरं आहे.) म्हणून पुढच्या खेपेपासून तांदूळ बंद करणार, म्हणाला.

आता मी गोंदियाचा. आमच्या घरची राइस मिल होती, धानाच्या कोंड्यात खेळून मोठा झालो. या जिल्ह्यात पाऊस, रोवणी, कापणी, लग्न, कर्ज, सगळं धानावर चालतं. भाच्याने बिअरमध्ये तांदूळ घालायला सुरुवात केली तीच मुळी आजोळच्या आठवणीने. इथला तांदूळ त्याला नेता येत नाही. खापरा भुंग्याच्या भीतीने अमेरिकेत भारतातून सामानात तांदूळ न्यायला बंदी आहे, आणि गोदामात खापरा पाहिलेल्या माणसाला ती भीती पटते. मग तो तिकडच्या व्हिएतनामी दुकानातून तुकडा तांदूळ आणतो आणि त्याला 'कणी' म्हणतो. तीच कणी आता आरोपीच्या पिंजऱ्यात! मला काही ते बघवलं नाही. म्हणून हे वकीलपत्र.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, बिअर पातळ होते ती त्यात काय घातलं यापेक्षा, यीस्टने खाऊन झाल्यावर त्यात काय उरलं यावरून. आणि काय उरवायचं हे करणाऱ्याच्या हातात असतं, तांदळाच्या नाही.

हे समजायला पेजेसारखं उदाहरण नाही. कणीची पेज घट्ट असते कारण शिजताना स्टार्च फुगतो आणि पाणी धरून ठेवतो. त्याच घट्ट, कोमट पेजेत मोड आणून वाळवलेल्या धान्याचं चमचाभर पीठ घाला आणि हलवा. बघता बघता पेज पातळ होते. लहान बाळांच्या खाण्यात ही युक्ती मुद्दाम वापरतात, म्हणजे पेज पातळ राहते पण पोटात धान्य जास्त जातं. मोड आलेल्या दाण्यातली एन्झाइम्स स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतात, म्हणून हे होतं. बिअरचं माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जवच. तो गरम पाण्यात तासभर ठेवतात तेव्हा घडतं ते हेच.

आता गंमत अशी, की त्यात तोडणारे कारागीर दोन आहेत. एक साखळीच्या टोकापासून बारीक बारीक तुकडे काढत जातो. त्याला साठ ते पासष्ट अंश सेल्सियसची ऊब आवडते. दुसरा साखळी मधेच कुठेही तोडतो, आणि तो सत्तरच्या आसपास रंगात येतो. बारीक तुकडे म्हणजे साखर, ती यीस्ट खाऊन टाकतं आणि त्याची दारू होते. मोठे तुकडे, म्हणजे डेक्स्ट्रिन, यीस्टला चावत नाहीत. ते तसेच राहतात. फारसे गोडही लागत नाहीत, पण घोटाला वजन देतात. हेच अंग, किंवा अंगाचा मोठा भाग. बाकी थोडं माल्टमधल्या प्रथिनांमुळे, थोडं ओट्ससारख्या धान्यातल्या चिकट अंशामुळे.

भाच्याचा हिशेब मी मागवून घेतला. मिलवाल्याची सवय, आधी वही बघायची. वीस लिटरला अडीच किलो माल्ट, सव्वा किलो कणी, अर्धा किलो साखर. पाणी त्रेसष्ट अंशांवर दीड तास. यीस्ट अमेरिकन, चांगलंच खादाड. सुरुवातीला हायड्रोमीटरवर १.०५० आणि शेवटी १.००४. (दूधवाल्यांचं लॅक्टोमीटर असतं ना, त्याचाच भाऊ. द्रव जितका भारी तितका तो वर तरंगतो.) म्हणजे जवळजवळ सगळं खाऊन संपवलेलं, सहा टक्के अल्कोहोल, आणि मागे उरलं काय? काही नाही. पंगत उठल्यावरचं घमेलं.

यात तांदळाचा वाटा किती? आहे, तो मी नाकारत नाही. तांदळात जवापेक्षा प्रथिनं कमी, आणि जी आहेत त्यातली फारच थोडी बिअरमध्ये विरघळतात. त्यामुळे तीस टक्के कणी म्हणजे प्रथिनं तेवढी विरळ, फेसही जरा कमी. पण कणीचा स्टार्च तोडणारे कारागीर माल्टमधलेच. त्यांना त्रेसष्ट अंशांवर बसवलं तर ते जवाचाही चुरा करतात आणि तांदळाचाही. अडुसष्टवर बसवलं तर दोन्हींचे मोठे तुकडे राहतात. आणि साखर? साखरेत तर तोडायला काही नसतंच, यीस्ट ती शंभर टक्के खातं. अर्धा किलो साखरेने दारू वाढवली, अंगात गुंजभर भर टाकली नाही. मग पिंजऱ्यात उभी राहायची पाळी कणीची का?

आणि तांदळाची बिअर पातळच असते म्हणणाऱ्यांनी आमच्या पूर्वेला बघावं. सालेकसा, देवरी ओलांडलं की छत्तीसगड. त्याच राज्यात खाली बस्तरमध्ये लांदा असतो, तांदळाच्या पिठाचा, पांढरा, दाट. झारखंड-ओडिशात हंडिया, रानूच्या गोळ्या घालून आंबवलेल्या भाताची, दुधासारखी गढूळ. अंग नाही म्हणायची कोणाची छाती आहे? तिथे भाताचा अंश गाळून काढून टाकत नाहीत एवढंच. म्हणजे तांदळाला अंग आहे. ते ठेवायचं की घालवायचं हा करणाऱ्याचा प्रश्न.

मग करायचं काय? माझ्या मते क्रम महत्त्वाचा आहे, कारण लोक उलट्या टोकाने सुरू करतात. पातळ झाली की आधी दुकानात जाऊन पावडर आणतात.

पहिलं, साखर काढा. पूर्ण. तिच्या जागी माल्ट.

दुसरं, पाण्याची ऊब अडुसष्ट-एकोणसत्तरवर न्या. त्याआधी थर्मामीटर तपासा, बर्फाच्या चुऱ्यात शून्य आणि उकळत्या पाण्यात शंभरच्या जवळ दाखवतो का ते. तीन अंशांची चूक इथे चालत नाही. कणी मात्र वेगळी शिजवून मगच घाला, अगदी मऊ गुरगुट. तांदळाचा स्टार्च फुगायला बहुतेक वेळा माल्टच्या पाण्यापेक्षा जास्त ऊब लागते, त्यामुळे कच्ची कणी तशीच टाकली तर निम्मी वाया. पोहे घेतले तर शिजवायची गरज नाही, ते आधीच शिजून चेपलेले असतात. (परदेशात बिअर करणारे 'फ्लेक्ड राइस' म्हणून महागडी पिशवी घेतात, शेजारच्या भारतीय दुकानात तेच पोहे म्हणून मिळतं!)

तिसरं, यीस्ट कमी खादाड घ्या. इंग्लिश जातीची बरीच यीस्टं सत्तर टक्क्यांच्या आसपास थांबतात, काही अमेरिकन आणि बेल्जियन ऐंशीच्या पुढे जातात. पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचायचं.

चौथं, थोडे ओट्स. एकूण धान्याच्या पाच ते दहा टक्के. घोट मऊ होतो. जास्त घातले तर गाळताना चिकटून बसतं.

पाचवं, पाणी. क्लोराइड जास्त असलेल्या पाण्याची बिअर भरल्यासारखी लागते, सल्फेट जास्त असेल तर कोरडी. वीस लिटरला चार-पाच ग्रॅम कॅल्शियम क्लोराइडने फरक पडतो. पण आधी आपलं पाणी काय आहे ते कळलं पाहिजे.

आणि हे सगळं करूनही तयार बिअर पातळच निघाली, तर शेवटी पावडर. माल्टोडेक्स्ट्रिन दीडशे-दोनशे ग्रॅम थोड्या पाण्यात उकळून बाटल्या भरायच्या वेळी वीस लिटरमध्ये घालायची, हायड्रोमीटर तीन-चार अंश वर येतो. चालतं. पण ते फुळकवणी वरणात बेसन लावण्यासारखं. पाहुणे जेवून जातात, डाळ मात्र शिजलेली नसते ती नसतेच.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखायला हवी. आधी अंग असलेली बिअर बाटलीत महिन्या-दोन महिन्यांत पातळ होत गेली आणि उघडताना उसळू लागली, तर त्यात बाहेरचं रानटी यीस्ट शिरलंय. ते डेक्स्ट्रिनसुद्धा खातं. तिथे ऊब आणि ओट्स काही करू शकत नाहीत, भांडी धुवावी लागतात. आणि काचेच्या बाटल्या असतील तर जपून, त्या फुटतात.

भाच्याने दुसऱ्या खेपेला सव्वातीन किलो माल्ट, पाऊण किलो कणी, चारशे ग्रॅम ओट्स असं घेतलं, साखर नाही, ऊब अडुसष्ट. सुरुवात १.०४८, शेवट १.०१३. साडेचार टक्क्यांच्या वर जरासं. 'मामा, आता चावावीशी वाटते' असा त्याचा निरोप आला. कणी कमी झाली हे मला दिसलं हं. पण राहिली! तडजोड म्हणून चालेल :-)

कणी निवडण्याबद्दल मिलवाल्याचे दोन शब्द. ताजी घ्या आणि स्वच्छ पॉलिश झालेली घ्या. कोंडा लागून राहिलेली कणी पडून राहिली की तिच्यातलं तेल खवट होतं, आणि तेलाने फेस बसतो. खाण्यासाठी मी कमी पॉलिशच्या तांदळाचा कट्टर पुरस्कर्ता आहे, हे नेहमी वाचणाऱ्यांना माहीत आहे. बिअरच्या बाबतीत मात्र उलट सांगतोय. प्रत्येक पिकाचा प्रत्येक ठिकाणी एकच नियम नसतो.

पातळ बिअर म्हणजे वाईट बिअर असंही माझं म्हणणं नाही. बडवायझर १८७६ पासून आहे आणि तांदूळ वापरते. जपानच्या असाहीने १९८७ साली 'सुपर ड्राय' काढली, तांदूळ घालून, मुद्दाम कोरडी. मे महिन्यात इथे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो तेव्हा दाट, काळी बिअर कोणाला हवी असणार? त्यांना पातळ हवी होती, त्यांनी ठरवून पातळ केली. कढी पातळ करणं वेगळं आणि कढी फुटणं वेगळं.

आता ताई. ताई हे वाचणार आहे आणि तिचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय, की दारूला अंग हवं कशाला? ती शिक्षिका होती, दारूने बुडालेली घरं तिने वर्गातल्या मुलांच्या डब्यांतून पाहिली आहेत. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. या भागात दारू हा गमतीचा विषय नाही, हे मला मान्य आहे.

पण ताई, मला जे म्हणायचंय ते नेमकं इथेच आहे. आपल्याकडे बिअर विकली जाते ती टक्क्यावर. पाच टक्क्यांच्या वरची ती 'स्ट्राँग', आठपर्यंत, आणि देशात सर्वांत जास्त खप तिचाच. बाटलीवर सर्वांत मोठं अक्षर त्याचंच. ती गार-गार करून, चव लागायच्या आत घशाखाली घालायची. भाच्याची पहिली बिअर तशीच होती, नकळत. सहा टक्के आणि तोंडात शून्य. ज्या पेयात जिभेला काही मिळत नाही ते माणूस फक्त डोक्यासाठी पितो, आणि डोक्यासाठी पिणारा एका ग्लासावर थांबत नाही. दुसऱ्या बिअरमध्ये दारू कमी आणि अंग जास्त. दोन्हींत धान्य जवळजवळ तेवढंच लागलं. एकीत ते सगळं नशेकडे गेलं, दुसरीत काही खाद्य म्हणून उरलं.

मोहाशी ताडून बघ. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला बायका-मुलं रानात जातात. त्या फुलात केवढा गोडवा, केवढा वास. २०२१ साली राज्याने ती बाळगण्यावरचे, वाहून नेण्यावरचे निर्बंध काढले, चांगलंच झालं. भाकरीत घालतात, लाडू करतात, वाळवून ठेवतात. पण त्याची दारू गाळली की वाफेबरोबर वर येतो तो अर्क, गोडवा आणि गर खाली मडक्यात राहतो. गाळीव दारूला अंग नसतंच, तिचा तो धर्म नाही. बिअरचा आहे. बिअर धान्याची असते, आणि धान्य लागलं पाहिजे. ते लागत नसेल तर बिअर कशाला, सरळ गाळीवच म्हणा ना तिला.

अंग असलेली बिअर निरुपद्रवी असते असं मी म्हणणार नाही. साडेचार टक्के म्हणजे साडेचार टक्के, चार ग्लास प्यायले तर हिशेब तोच. आणि ज्याला एक ग्लासही झेपत नाही त्याने तोही घेऊ नये. पण जो पिणारच आहे, त्याने चव बघून प्यावं, आणि जो करणारच आहे, त्याने टक्का वाढवण्यात कौशल्य मानू नये. साखर ओतून टक्का कोणीही वाढवतो. अंग ठेवायला ऊब सांभाळावी लागते, तासभर भांड्याजवळ उभं राहावं लागतं.

या हंगामात धान बरा आहे म्हणतात. पाखडताना कणी पडेलच, तिची सकाळी पेज होईल, लोणच्याच्या फोडीबरोबर. कोणी पाहुणा आला आणि पेज कमी पडली तर आमच्याकडे तीत पाणी वाढवायची पद्धत नाही, आणखी मूठभर कणी टाकायची आहे. भाच्याला एवढंच सांगितलंय.